गांजाचा कायदा: सुधारणेची मागणी कुठवर आली?

उसाच्या फडात, हळदीच्या रानात लपवून लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटली, ही बातमी पन्हाळा-कोडोलीपासून सांगली-सोलापूरपर्यंत कुणालाच नवी नाही. पण ज्या कायद्याखाली ही कारवाई होते तो बदलावा म्हणून देशात कोण झगडते आहे, याची चर्चा आपल्या पारावर होत नाही. ती व्हायला हवी.

गांजावर सरसकट बंदी नको, परवाने आणि कर पुरेत, असा निष्कर्ष १८९३-९४च्या सरकारी आयोगाने हजारावर साक्षी घेऊन काढला होता. पुढे अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचा वापर थांबवायला भारताला पंचवीस वर्षांची मुदत दिली आणि १९८५मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पाने आणि बी त्यात येत नाहीत. म्हणून भांग त्यातून सुटते. एक किलोच्या आतला गांजा 'अल्प' गणला जातो आणि त्याला वर्षभरापर्यंत कैद होते. वीस किलोच्या वर गेला की दहा ते वीस वर्षे. नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

या कायद्याला पहिला मोठा धक्का मुंबईत बसला. चरसच्या प्रकरणात दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या एकाला २००८मध्ये तिथल्या विशेष न्यायालयाने फाशी सुनावली होती. व्यसनाची हानी कमी करण्यासाठी झटणाऱ्या 'इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क'ने 'लॉयर्स कलेक्टिव्ह'च्या वकिलांमार्फत दाद मागितली आणि जून २०११मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांतली फाशीची सक्ती रद्द केली. २०१४मध्ये संसदेनेही कायदा तसा दुरुस्त केला. बंगळुरूच्या 'ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट'ने २०१९मध्ये गांजाबंदीलाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. 'विधी सेंटर' या कायदेविषयक अभ्यास संस्थेने २०२०मध्ये मुंबईतले दहा हजारांवर खटले तपासले. त्यांतले बहुसंख्य खटले गांजा ओढणाऱ्यांवरचे होते आणि त्यांत भरडले जात होते ते हातावर पोट असलेले लोक.

न्यायालयाबाहेरची दुसरी वाट या झाडाच्या धाग्याची आणि बियांची. कायद्याच्या चौदाव्या कलमात त्यासाठी लागवडीची सोय आहे. उत्तराखंडने २०१८पासून तसे परवाने दिले. २०१३मध्ये मुंबईत सुरू झालेली 'बॉम्बे हेम्प कंपनी' याच वाटेने चालली आहे.

शेतकऱ्याचा आवाज मात्र एकाकी राहिला. ऑगस्ट २०२१मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला: कुठल्याच पिकाला हमीचा भाव मिळत नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. त्या अर्जामागचे भावाचे दुखणे तसेच राहिले.

माझे मत स्वच्छ आहे. गांजा निरुपद्रवी नाही. कोवळ्या वयात तर तो घातकच. तो विकून पोरांना नादी लावणाऱ्याची गय नको. पण ओढणाऱ्याला तुरुंगात धाडून व्यसन सुटत नाही; नोकरी जाते आणि घर उघड्यावर येते. त्याला उपचार हवेत. धाग्याच्या पिकाला सरकारने नियम घालून द्यावेत आणि शेतकऱ्याला उघडपणे परवाना द्यावा.

ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. न्याय दारात आला आहे. कायदा मात्र विधिमंडळात आणि संसदेतच बदलतो. तेव्हा मते मागायला येणाऱ्या आमदार-खासदारांना हा प्रश्न तोंडावर विचारा.