ओढ्याच्या तळाशी

चातुर्मास लागला की आपल्या घरांत पाण्याविषयीची दक्षता वाढते. गळणे धुऊन वाळवले जाते, पाणी काळजीने गाळले जाते, उकळलेल्या पाण्याची मर्यादा कटाक्षाने पाळली जाते. याच चार महिन्यांत शहरातले ओढेही भरून वाहतात आणि बाजारपेठेत राहणाऱ्या व्यापारी कुटुंबांच्या उंबऱ्याशी कधी कधी येऊन ठेपतात. त्या पाण्यात काय असते याचा विचार आपण क्वचित करतो. पाण्याखालच्या गाळाचा तर बहुधा कधीच करीत नाही.

पुण्याचेच पाहा. कात्रजच्या तलावाकडून येणारा आंबील ओढा सहकारनगर, दांडेकर पूल असा वाहत मुठेला मिळतो. नागझरी सोमवार आणि गणेश पेठेच्या अंगाने जाते. दोन्ही मूळचे निर्मळ प्रवाह. आज त्यांत पावसाच्या पाण्याबरोबर मैलापाणीही मिसळते. दिवाळीनंतर प्रवाह बारीक होतो, पाणी थोडे निवळते आणि पाहणाऱ्याला वाटते की ओढा स्वच्छ झाला. हा समज फसवा आहे.

मैलापाण्याची खूण म्हणून शास्त्रज्ञ ई. कोलाय हा जिवाणू मोजतात. थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत तो राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात सापडला, तर हगवण, विषमज्वर, कावीळ यांची बीजेही त्याच वाटेने आलेली असू शकतात. म्हणूनच पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळता कामा नये, असे भारतीय मानक सांगते.

उघड्या पाण्यात हे जिवाणू फार काळ तगत नाहीत. सूर्यप्रकाश त्यांना मारतो, इतर सूक्ष्मजीव त्यांना खातात. परंतु त्यांतले पुष्कळसे मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. तेथे ऊन पोहोचत नाही, अन्न मुबलक मिळते, कणांच्या फटींत आसरा लाभतो. वाहत्या पाण्यात काही दिवसांत संपणारे जिवाणू गाळात कित्येक आठवडे, कधी महिने जिवंत राहतात. नगरांतील प्रवाहांच्या गाळात त्यांची संख्या वरच्या पाण्याच्या शेकडो पट भरल्याची उदाहरणे आहेत. हवाई बेटांवरील ओढ्यांच्या अभ्यासात तर असे दिसले की, उष्ण हवेत ते ओढ्याकाठच्या मातीतही टिकून राहतात आणि वाढतात. मग पहिला जोराचा पाऊस येतो, तळ ढवळला जातो आणि ही सारी साठवण एका रात्रीत पुन्हा पाण्यात येते. म्हणून केवळ वरचे पाणी तपासून ओढ्याची परीक्षा पुरी होत नाही.

येथे आपल्या गळण्याविषयी बोलणे प्राप्त आहे. बांगलादेशात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीची चार घड्यांची गाळणी गावोगाव वापरून पाहिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या गावांत पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. कारण पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी घडी घातलेल्या कापडात अडकतात. गाळून पाणी पिणाऱ्या समाजाला हे वाचून समाधान वाटावे, हे स्वाभाविक आहे. पण सुटा ई. कोलाय लांबीला मिलिमीटरच्या जेमतेम पाचशेव्या भागाएवढा असतो. कापडाची छिद्रे त्याच्या कितीतरी पट मोठी असतात. ओढ्यालगतच्या विहिरीचे वा बोअरचे पाणी केवळ गाळून प्यावे, असे म्हणता येणार नाही. ते खळखळून उकळलेच पाहिजे.

पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती. मलमूत्राचा त्याग कोठे आणि कसा करावा, याची सावधानता तिच्यात सांगितली आहे. प्रज्ञापना सूत्रात संमूर्च्छिम जीवांच्या उत्पत्तीची जी स्थाने दिली आहेत, त्यांत मलमूत्र येते. या जीवांची जिवाणूंशी सांगड घालून शास्त्राला प्रयोगशाळेचे प्रशस्तिपत्र मिळवून देण्याचा खटाटोप मला अनाठायी वाटतो. दोन्हींची भाषा निराळी आहे. मात्र ही समिती साधूंनी जपावी आणि आपल्या इमारतीचे मैलापाणी कोठे जाते हे श्रावकाला ठाऊकही नसावे, ही विसंगती मनाला बोचते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. माणसे दगावली, घरांदारांत आणि दुकानांत चिखल शिरला. अशा वेळी व्यापाऱ्यापुढे कठीण प्रश्न उभा राहतो. पोत्यातले धान्य, खोक्यातला सुकामेवा, मसाले वाळवून पुन्हा विक्रीला ठेवावेत काय? पुराचे पाणी लागलेला असा खाण्याचा माल उन्हात घातला, तरी तो निर्धोक होत नाही. पक्के बंद पत्र्याचे डबे धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतात. गोणपाट, कागद आणि पुठ्ठा यांतला माल नाही. नुकसान सोसावे लागते, त्याला इलाज नाही.

गोदामातला चिखल ओला असतानाच, हातमोजे आणि गमबूट घालून काढावा. वाळल्यावर झाडला तर धूळ नाकातोंडात जाते. आधी गाळ पूर्ण काढून फरशी धुवावी, मगच ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरावे. गाळावरच पावडर पसरली तर तिची शक्ती त्यातल्या कुजक्या द्रव्यावर खर्च होऊन जाते. ही पावडर टाकताना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला हिंसेची टोचणी लागते, हे मी पाहिले आहे. त्या टोचणीला हसू नये. तिच्यावरचा उपाय पुराच्या कितीतरी आधी, कोरड्या दिवसांत करता येतो.

आपल्या सोसायटीच्या किंवा दुकानाच्या संडासात खाण्याचा गडद रंग पाण्यात कालवून ओतावा, भरपूर पाणी सोडावे आणि पावसाळी गटाराच्या तोंडाशी, ओढ्याकडे उघडणाऱ्या पाइपाशी एक माणूस उभा करावा. रंगीत पाणी तेथे उतरले, तर जोडणी चुकली आहे. महापालिकेच्या मलनिःसारण विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि प्लंबरला बोलावून ती वाहिनी मैलावाहिनीला जोडून घ्यावी. जोडल्यावर पुन्हा एकदा रंग टाकून पाहावा.