पायांवरचं निळं-जांभळं जाळं

मांडीवर किंवा घोट्याजवळ दिसणाऱ्या या शिरा, म्हणजे स्पायडर व्हेन्स, साधारण १ मिलिमीटरहूनही बारीक असतात. आनुवंशिकता, गर्भारपण, वाढतं वय, तासन्‌तास उभ्याचं काम ही प्रमुख कारणं. त्रास नसेल तर उपचार नाही केले तरी चालतं. मलमांनी त्या जात नाहीत. त्यावर पैसे घालवू नका. स्क्लेरोथेरपीत पॉलिडोकॅनॉलसारखं औषध बारीक सुईने शिरेत सोडतात. शीर आतून चिकटून बंद होते आणि काही आठवड्यांत फिकट पडते. सावळ्या त्वचेवर त्यानंतर तपकिरी डाग काही महिने राहू शकतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. गरोदरपणी हा उपचार टाळतात. पाय जड वाटत असतील, संध्याकाळी सुजत असतील, तर आधी डॉप्लर सोनोग्राफी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर लगेच रुग्णालय गाठा.