माकडांचा बंदोबस्त आणि खिडकीची जाळी

दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांतील माकडांचा उपद्रव दीर्घकाळ विनोदाचा विषय होता. ऑक्टोबर २००७ मध्ये उपमहापौर एस. एस. बाजवा आपल्या घरी माकडांना हुसकावताना कोसळून मृत्यू पावले, तेव्हा ते हसू मावळले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार माकडे पकडून दक्षिणेकडील असोला-भट्टी अभयारण्यात सोडण्यात येऊ लागली. तेथे त्यांना खाऊ घालण्याचा भारही सरकारी तिजोरीवर पडला!

धाकासाठी राखणीला काळतोंडे वानर ठेवावेत, तर ते वन्यजीव कायद्याने संरक्षित. ती प्रथा सोडावी लागली. पुढे वानरांचा आवाज काढणारी चाळीस माणसे नेमल्याचे २०१४ साली संसदेत सांगण्यात आले. २०२३ च्या जी-२० परिषदेसाठी तर वानरांची चित्रे उभारण्यात आली. अर्थशास्त्राच्या भाषेत हा सारा आवर्ती खर्च होय.

माकड शहरात येते ते अन्नासाठी. उघड्या कचराकुंड्या, उपाहारगृहांतील खरकटे आणि भाविकांनी श्रद्धेने घातलेली केळी, हा पुरवठा चालू असेतो एक टोळी हलविली की दुसरी तिची जागा घेते. शिवाय धरपकडीत टोळी फुटते, पिलू आईपासून तुटते. याला भूतदया कसे म्हणावे?

खिडक्यांना भक्कम जाळी, टाक्यांना घट्ट झाकणे, कचऱ्याला बंद पेट्या हा मुख्यतः एकदाच करावयाचा भांडवली खर्च आहे. त्यात पकडण्याचे कंत्राट नाही, पिंजरा नाही, छायाचित्रही नाही. बहुधा म्हणूनच तो मागे पडतो. इमारतींच्या देखभालीच्या तरतुदीतच ही बाब घालण्यास कोणाची हरकत असावी?