हार्ड डिस्क स्वीकारताना घ्यावयाची दक्षता

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीची पाने जीर्ण झाली, म्हणजे त्यांची छायाचित्रे हार्ड डिस्कवर जतन केली जातात. गावातील एखाद्याच्या जन्मतारखेचा पुरावा पुष्कळदा त्या एका पानावरच अवलंबून असतो. म्हणून ज्या यंत्रावर ही पाने ठेवावयाची, ते धड आहे की नाही हे आधी पाहणे अगत्याचे आहे. नवी डिस्क पातळ पाकिटात किंवा मोठ्या खोक्यात सैल घालून आली असेल, तर ही दक्षता विशेषच घ्यावी.

हार्ड डिस्कच्या पोटात गुळगुळीत चकत्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरतात. लेखन-वाचनाचे टोक त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. केसाची जाडी याच्या हजारो पट भरेल. अशा रचनेस आघात सोसत नाही. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू कठीण फरशीवर एका मिलिमीटरात थांबली, तर तिला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १,००० पट धक्का बसतो. तीच वस्तू मऊ आवरणात दोन सेंटिमीटर दबून थांबली, तर धक्का ५० पटच होतो. साडेतीन इंची डिस्क बंद असताना साधारणतः २५० ते ३०० पट धक्का क्षणभर सोसते. वेष्टनाचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. हे गणित वरच्या वर्गातील मुलांनाही सांगण्याजोगे आहे.

पार्सल हाती येताच ते उघडण्यापूर्वी चारी बाजूंनी त्याचे छायाचित्र घ्यावे. खोके चेपलेले असल्यास पोचपावतीवर तसा शेरा लिहावा. आतील वेष्टन फेकू नये. परत पाठविण्याची वेळ आल्यास तोच पुरावा होय. डिस्कचा अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहावा. कोपरे दबलेले, जोडणीच्या पट्ट्या वाकलेल्या किंवा स्थिर विद्युत-रोधक पिशवी फाटलेली असल्यास त्याची नोंद करावी. थंडीतून किंवा पावसातून आलेली डिस्क पिशवीतच काही तास खोलीत ठेवावी, म्हणजे आत दव धरण्याचा धोका टळतो.

त्यानंतर डिस्क संगणकास जोडून कान द्यावा. वरचेवर टकटक किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर ती तत्काळ बंद करावी. आवाज ठीक असल्यास डिस्क स्वतः ठेवीत असलेल्या ‘स्मार्ट’ नोंदी पाहाव्यात. त्यासाठी विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो व लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही साधने विनामूल्य मिळतात. क्रमांक ५ ही बदललेल्या खंडांची, १९७ ही संशयित खंडांची आणि १९८ ही न सुधारता आलेल्या खंडांची नोंद होय. नव्या डिस्कमध्ये या तिन्हींचा मूळ आकडा शून्य असावा. क्रमांक ९ मध्ये वापराचे तास दिसतात. तेही नाममात्रच असावेत.

केवळ ‘उत्तम’ हा शेरा पाहून थांबू नये. दीर्घ स्व-चाचणी चालवावी. नंतर डिस्क रिकामी असतानाच ती पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावी. या लेखन-चाचणीत आधीचा मजकूर पुसला जातो, हे विसरू नये. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदास १५० मेगाबाइट या वेगाने भरावयास सुमारे साडेसात तास लागतात, व वाचावयास तितकेच. म्हणून हे काम सुटीच्या दिवशी, विजेची खात्री पाहून करावे. शेवटी वरील आकडे पुन्हा पाहावेत. एकही वाढला असेल, तर परतीची मुदत संपण्यापूर्वी डिस्क बदलून घ्यावी. जडवस्तू नोंदवहीत तिची नोंद तपासणीनंतरच करणे इष्ट.

तथापि आघाताची काही इजा चाचणीतही प्रकट होत नाही. ती काही महिन्यांनी डोके वर काढते. यास्तव चाचणीत उतरलेल्या डिस्कवरही एकुलती एक प्रत ठेवू नये. दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या जागी असावी; आणि मूळ नोंदवही, कितीही जीर्ण झाली तरी, कपाटात सुरक्षित राहावी.