नवव्या पटीतली खरखर

नागपूरच्या आमच्या घरी आईचा ट्रान्झिस्टर आणि माझा लॅपटॉप यांच्यामध्ये एकच भिंत. मध्यम लहरींवर आकाशवाणी नागपूरची जागा ५८५ किलोहर्ट्झ. मी काम सुरू केले की बातम्यांवर खरखर चढे आणि पलीकडून हाक येई, “बंद कर न बाबू ते, बातम्या लागल्या.” प्रक्षेपणातच दोष असेल, असे मी सांगत असे. एकदा चालू लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरची पिन काढली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, खरखर मात्र थांबली. दोषी होता मी स्वस्तात आणलेला अ‍ॅडॅप्टर.

असा अ‍ॅडॅप्टर घरच्या विजेचे आधी एकदिश विजेत रूपांतर करतो आणि मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो. त्यामुळे छोटासा ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि वजन कमी होते. तुकडे पाडण्याचा वेग प्रत्येक अ‍ॅडॅप्टरमध्ये सारखा नसतो, पण ६५ किलोहर्ट्झ ही नेहमीची निवड. या तुकड्यांच्या कडा तीक्ष्ण असतात. म्हणून मूळ कंप्रतेबरोबर तिच्या पटीही उमटतात: १३०, १९५, २६०... आणि नववी पट बरोबर ५८५!

मग ६५च का? तारांवाटे बाहेर पडणाऱ्या गोंगाटावरची आंतरराष्ट्रीय मर्यादा साधारणपणे १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. दुसरी पट, १३०, तिच्या खालून निसटते. तिसरीपासून पुढच्या पटी अडवायला वेटोळी आणि कपॅसिटर यांची गाळणी लागते. माझा अ‍ॅडॅप्टर उघडला, तर गाळणीच्या जागी नुसत्या तारा जोडलेल्या. वाचवलेल्या चार पैशांची किंमत भिंतीपलीकडे आई मोजत होती.

हे भांडण जुने आहे. रेडिओतील व्यत्ययावरची आंतरराष्ट्रीय समिती १९३४ची. घरगुती संगणक आले तेव्हा शेजाऱ्यांचे टीव्ही बिघडू लागले आणि अमेरिकेने १९७९ मध्ये संगणकांसाठी मर्यादा ठरवल्या. संगणकाच्या आतले घड्याळही तीक्ष्ण कडांचे ठोके देते. त्याच्याही पटी उमटतात.

ऐकण्याचा आवाज जितका क्षीण, तितका हा त्रास मोठा. जुन्नर तालुक्यातील खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ही जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणे हा एक निकष होता. पण संकेतांचे गणित करायला संगणक हवाच. म्हणून तिथली यंत्रणा धातूने मढवलेल्या खोलीत ठेवतात. परक्यांच्या गोंगाटापासून दूर जाता येते. स्वतःचा मात्र कोंडावा लागतो.

विद्युत्चुंबकीय सुसंगतता म्हणजे दुसऱ्याला त्रास न देणे आणि दुसऱ्याचा थोडा सोसणे. मी चांगला अ‍ॅडॅप्टर आणला, खरखर गेली. आईला सांगायला गेलो, तेव्हा कळले की माझे काम अडू नये म्हणून तिने सकाळच्या बातम्या केव्हाच सोडल्या होत्या. मी ट्रान्झिस्टर लावून दिला.