गारेच्या गाभ्यातील प्रथिन

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील नांदगाव पेठ आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी भोवतालचा मुलूख संत्र्याचा आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट त्याला एकाच वेळी दोन बहारांत गाठते: मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात, तर आंबिया बहाराची झाडे फुलांवर किंवा नुकत्याच धरलेल्या बारीक फळांवर असतात. गारा थांबल्यावर बागेत फुटलेल्या सालींचा आणि चिरडलेल्या पानांचा उग्र वास कोंदून राहतो. पडलेली फळे टोपलीत वेचणाऱ्या मजूर बाईच्या हाताला पाल्याखाली शाबूत राहिलेल्या गारा लागतात, परंतु पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायक पोहोचेपर्यंत त्यांचे पाणी झालेले असते. नुकसान कागदावर येते, गारेचा नमुना मात्र कोणी राखत नाही.

तो राखला जावा, कारण गार कशी सुरू झाली याचा पुरावा तिच्या गाभ्यात असतो. पाणी शून्य अंश सेल्सियसला गोठते हे शालेय विधान ढगातील थेंबांना लागू पडत नाही. निर्मळ पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत द्रवरूप राहू शकतो, आणि अशा पाण्याला अतिशीतित पाणी म्हणतात. दुधाला विरजण लागते तसा त्याला गोठण्यासाठी एखादा बाहेरचा कण लागतो, ज्याला बर्फकेंद्रक असे नाव आहे. खनिज धुळीचे बहुतेक कण हे काम उणे १५ अंशांच्या खाली करतात, कृत्रिम पावसासाठी वापरले जाणारे सिल्व्हर आयोडाइड उणे ५-६ अंशांपासून करू लागते, आणि पानांवर राहणारा स्युडोमोनास सिरिंगी हा जिवाणू मात्र उणे २ अंशांनाच ते साधतो.

अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठात रसेल श्नेल आणि गॅबॉर वाली यांनी १९७२ मध्ये कुजणाऱ्या पाल्यात असे केंद्रक असल्याचे दाखवले, आणि १९७४ मध्ये लेरॉय माकी व सहकाऱ्यांनी त्यामागील जिवाणू ओळखला. हे सामर्थ्य जिवाणूच्या बाह्य पटलातील एका प्रथिनात आहे: त्यात १६ अमिनो आम्लांचा क्रम पुन्हा पुन्हा येतो, त्याची गुंडाळी होऊन एक सपाट बाजू तयार होते, आणि त्या बाजूवर पाण्याचे रेणू बर्फातल्यासारख्या मांडणीत धरले जातात. एकट्या प्रथिनाला उणे २ साधत नाही. त्यासाठी अनेक प्रथिने शेजारी शेजारी जुळावी लागतात, आणि म्हणूनच उणे २ अंशांना बर्फ धरवणारी पेशी फारच विरळ असते.

परीक्षा साधी, पण चिकाटीची आहे. गारेचे बाहेरचे थर काढून गाभा वितळवतात, त्या पाण्याचे थेंब थंड पट्टीवर मांडतात आणि पट्टी सावकाश गार करत नेतात. बराच वेळ काहीच घडत नाही; मग एखादा पारदर्शक थेंब क्षणात दुधी होतो, शेजारचा तसाच राहतो, आणि निरीक्षक त्या क्षणीचे तापमान टिपतो. पुढची पायरी निर्णायक: तेच पाणी ९५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा थंड केले असता थेंब आता बऱ्याच खालच्या तापमानाला गोठू लागले, तर केंद्रक प्रथिनाचे होते असे मानावे लागते, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, धुळीचे सहसा फारसे बिघडत नाही.

वऱ्हाडासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले त्याच २०१४ साली, मोंटानातील गारांच्या अभ्यासातून गाभे तुलनेने उबदार तापमानाला धरतात आणि त्यामागे जैविक केंद्रक असतात, असा निष्कर्ष मांडला गेला. ढगात धूळ जिवाणूंहून कितीतरी अधिक असते हा आक्षेप वजनदार आहे, तरीही धुळीने भरलेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर पडणाऱ्या वऱ्हाडी गारांबाबत तो मोंटानातील गारांवरून निकालात काढता येणार नाही. त्यासाठी इथलीच गार, पडल्या पडल्या स्वच्छ पिशवीत घालून, शीतपेटीत ठेवलेली हवी.