बंदूक तापते, गोळी संपते

बंदुकीच्या व्हिडिओ गेममध्ये गोळीबाराला लगाम घालण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एका रीतीत गोळ्या मोजक्या असतात. जवळचा साठा संपला की नव्या शोधाव्या लागतात, नाहीतर हात बांधले जातात. दुसऱ्या रीतीत गोळ्यांना तोटा नसतो, पण सलग झाडल्या की बंदूक तापते आणि काही सेकंद चालेनाशी होते. हा लगाम नसता तर बटण दाबून धरण्यापलीकडे खेळाडूला काही करावंच लागलं नसतं. वरवर पाहता दोन्ही रीतींचं काम एकच, हात थांबवण्याचं. पण थांबल्यावर माणूस काय विचार करतो, ते दोन्हींत अगदी वेगळं असतं. तापणाऱ्या बंदुकीवाला पुढच्या दोन-चार सेकंदांचा विचार करतो, तर मोजक्या गोळ्यांवाल्याला पुढच्या तासाभराचा करावा लागतो. म्हणून ज्या खेळाला चकमकीपलीकडे जाऊन लढाईची गोष्ट सांगायची आहे, त्याने साठ्याचीच रीत पत्करावी, असं माझं ठाम मत आहे.

या मताला वसईच्या किल्ल्याइतका चांगला दाखला शोधून सापडणार नाही. १७३९ च्या वेढ्यात दोन्ही मर्यादा खऱ्याखुऱ्या हजर होत्या. त्या काळची तोफ एकदा डागली की दांड्याला गुंडाळलेला ओला बोळा नळीत फिरवून आतले निखारे विझवावे लागत. तसं न करता नवी दारू भरली तर ती गोलंदाजाच्या हातातच पेट घेई, आणि फार तापलेली तोफ फुटण्याची भीती असे. पण ही मर्यादा तटावरच्या पोर्तुगीज तोफेला होती, तशी खालच्या मराठी तोफेलाही होती. उष्णता दोन्ही बाजूंना सारखीच छळते, त्यामुळे ती वेढ्याचा निकाल लावत नाही. दोन बाजूंत खरा फरक होता तो रसदेचा. चिमाजी अप्पांच्या मोहिमेची आखणी पाहिली की हे स्पष्ट दिसतं. १७३७ मध्येच ठाणे आणि अर्नाळा मराठ्यांकडे आले. १७३९ च्या सुरुवातीला केळवे-माहीम, तारापूर ही आज पालघर जिल्ह्यात असलेली ठाणी पडली, मग वर्सोवा आणि धारावीही गेली. वसईच्या तटाला अखेरची धडक बसण्याआधी तिच्याकडे येणाऱ्या वाटा एकेक करून तोडल्या गेल्या होत्या. आतल्यांची ओढगस्त इतकी वाढली, की मुंबईच्या इंग्रजांकडून पंधरा हजार रुपये कर्ज घेण्यासाठी चर्चमधली चांदी आणि किल्ल्यातल्या काही पितळी तोफा गहाण पडल्या. ज्या तोफांनी तट राखायचा त्याच तारण म्हणून द्याव्या लागल्या. पुढे सुरुंगांनी तटाला खिंडार पाडलं आणि मे महिन्यात किल्ल्याने शरणागती पत्करली.

खेळांचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. १९९३ च्या ‘डूम’मध्ये खेळाडू एक पिस्तूल आणि पन्नास गोळ्या घेऊन सुरुवात करतो. समोरच्या किरकोळ राक्षसावर गोळी खर्चावी की त्याला चुकवून पुढे जावं, हा प्रश्न प्रत्येक खोलीत नव्याने उभा राहतो, कारण मागच्या खोलीतली उधळपट्टी पुढच्या खोलीत भोवते. आज वसई-विरारच्या पोरांच्या मोबाइलवर असलेल्या ‘बीजीएमआय’मध्येही तेच सूत्र आहे. शंभर जण रिकाम्या हाती बेटावर उतरतात. एम-४१६ ला ५.५६ ची गोळी लागते, एकेएमला ७.६२ ची, आणि एकीची गोळी दुसरीला चालत नाही. गोळ्यांचं वजन पाठीवरच्या बॅगेत जागा अडवतं, म्हणजे गोळ्या वाढवल्या की मलमपट्टीचं सामान कमी करावं लागतं. साथीदाराकडे ‘५.५६ आहे का?’ अशी विचारणा होते आणि त्यातून वाटून घेणं, राखून ठेवणं, कोणत्या इमारतीत शिरायचं ते ठरवणं हे सगळं ओघाने येतं. बेटावरचं प्रत्येक घर मोलाचं ठरतं ते या टंचाईमुळे. गोळ्या अमर्याद असत्या तर त्या घरांची निम्मी किंमत उरली नसती.

सगळ्यात बोलकं उदाहरण ‘मास इफेक्ट’चं आहे. २००७ च्या पहिल्या भागात बंदुकांना गोळ्यांची मर्यादा नव्हती, फक्त उष्णतेची होती. २०१० च्या दुसऱ्या भागात निर्मात्यांनी उष्णता शोषून घेणारी, वेचून बंदुकीत घालायची नळकांडी आणली. नाव उष्णतेचं ठेवलं, पण व्यवहारात त्या गोळ्याच झाल्या. अनेक जुन्या चाहत्यांना हा बदल रुचला नाही. तरी ज्यांनी उष्णतेची रीत स्वतः घडवली तेच मोजक्या साठ्याकडे वळले, याला अर्थ आहे. बंदूक आपोआप थंड होत असेल तर खेळाडूला आडोशाची जागा सोडण्याचं कारण राहत नाही. संपत आलेला साठा त्याला तिथून उठवतो.

यावर पहिला आक्षेप कंजूषपणाचा. टंचाईच्या भीतीने खेळाडू चांगली शस्त्रं शेवटपर्यंत जपून ठेवतो आणि ती तशीच पडून राहतात. आक्षेप खरा आहे, पण दोष टंचाईचा नसून बेहिशेबी साठवणुकीचा आहे. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात पिंप भरलं की वरचं पाणी वापरूनच टाकतात, तसं जवळ बाळगायच्या गोळ्यांना कमाल मर्यादा घातली की खर्च करणंच शहाणपणाचं ठरतं. २०२० च्या ‘डूम इटर्नल’ने हेच केलं: साठा तुटपुंजा ठेवला, पण शत्रूवर चालून जाऊन करवत चालवली की गोळ्या परत मिळतात. दुसरा आक्षेप असा, की मोठ्या रणधुमाळीत गोळ्या वेचायला वेळ कुणाला? हे मला मान्य आहे. २०१५ च्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’मध्ये मेलेला खेळाडू लगेच परततो, तिथे साठ्याला अर्थ नाही. म्हणून तापलेली बंदूक अचूक क्षणी बटण दाबून झटकन थंड करण्याचं कौशल्य तिथे शोभतं. पण ती चकमक आहे, मोहीम नव्हे. आणि दोन्ही हवं असेल तर २००१ च्या ‘हेलो’ने वाट दाखवली आहे. तिथल्या प्लाझ्मा बंदुका तापतातही आणि त्यांची बॅटरीही कायमची संपत जाते. पण तिथेही शेवटचा शब्द साठ्याचाच असतो.

हा वाद आपल्याकडे आता केवळ खेळणाऱ्यांचा राहिलेला नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बॅटल रॉयल खेळ बाजारात आणला, म्हणजे असे नियम ठरवणारे लोक आता महाराष्ट्रातही आहेत. उद्या कुणी वसईच्या वेढ्यावर खेळ करायला घेतला तर तोफ जरूर तापू द्यावी, ते इतिहासाला धरूनच होईल. पण दारूगोळा मोजून द्यावा आणि तो कुठल्या खाडीने, कुठल्या ठाण्यावरून येतो हे खेळाडूला नकाशावर दिसू द्यावं. म्हणजे तारापूर आधी का घ्यावं लागलं, हे इतिहासाचं पुस्तक न उघडताही त्याला उमगेल.